लोखंडाला लोखंड

कोलकात्याबाहेर, बजबजच्या पुढे नदीच्या अंगाला एका बंद गोदामाचं लांबरुंद सिमेंटचं आवार आहे. शहरातला एक हौशी मोटर क्लब हिवाळ्यात तिथे गाड्या पळवतो. पळवतो म्हणजे काय, तर रंगीत शंकू मांडायचे, टायरांचे ढीग रचायचे आणि जुन्या छोट्या गाड्या त्यांच्यामधून जिवाच्या आकांताने काढायच्या. त्या रविवारी नुसता सराव होता. खरी शर्यत पुढच्या रविवारी.

दिगंबरराव साठे एका ढिगामागे उभे होते. शेजारी शारदाबाई, काखेत चहाचा थर्मास. समोर त्यांची एकुलती एक लेक वैदेही लाल गाडी घेऊन फेऱ्या मारत होती. न्यू टाउनच्या कंपनीत आठवडाभर संगणकापुढे बसणारी ही पोर रविवारी अशी गाडी हाणते, हे दिगंबररावांना अजून पुरतं पचलेलं नव्हतं. पण बघताना त्यांची मान तिच्या वळणाबरोबर वळत होती, कीर्तनात बुवांच्या तानेबरोबर वळते तशी.

गाडी सरळ पट्ट्यावरून भरधाव आली. ब्रेक लागले, नाक खाली दबलं, उजवं वळण सुरू झालं, आणि आतून घण पडल्यासारखा आवाज आला. डावं दार बाहेरच्या अंगाला फुगलं, कडी तुटली, दार सताड उघडलं. आतून एक काळी चौकोनी वस्तू बाहेर फेकली गेली. ती सिमेंटवर आपटली, ठिणग्या उडवत घसरत आली आणि साठे नवराबायको उभे होते त्याच ढिगात शिरून थांबली. सगळ्यात वरचा टायर कलंडला आणि सावकाश गडगडत निघून गेला.

थर्मास कधी पडला ते शारदाबाईंना कळलं नाही. गरम चहा पायावर सांडला तेही कळलं नाही. दिगंबरराव खाली बघत राहिले. ती वस्तू त्यांनी ओळखली होती. ओळखणारच. स्वतःच्या हातांनी बसवलेली होती.

आता ती काय होती ते सांगायला हवं. या शर्यतीत गाडी आणि चालवणारा मिळून ठरलेलं किमान वजन भरावं लागतं. हलक्या माणसाला फुकटचा फायदा नको म्हणून. वैदेही अंगाने काडी. त्यात गाडीतलं शेजारचं आसन, मागचं बाकडं, गालिचे, सगळं उपटून टाकलेलं. मग जेवढं वजन कमी पडतं तेवढी लोखंडाची प्लेट गाडीत बसवायची. बॅलास्ट म्हणतात त्याला. बसवायची ती अशी, की गाडी उलटीपालटी झाली तरी प्लेट तसूभर हलता कामा नये. कारण एकदा सुटली की ती वजन राहत नाही, तोफेचा गोळा होते.

आणि हे काम दिगंबररावांना कोणी शिकवायची गरज नव्हती. एका सरकारी कारखान्यात अवजड यंत्रं पायावर बसवण्यात त्यांचा जन्म गेला होता. बदलीवर कोलकात्याला आले आणि निवृत्तीनंतर सॉल्ट लेकमध्येच राहिले. वैदेहीची प्लेट त्यांनी शेजारच्या आसनाच्या जागी, अगदी तळाला, जाड बोल्टांनी आरपार बसवली होती. पत्र्याखालून पंजाएवढ्या पोलादी पट्ट्या टाकल्या होत्या, म्हणजे ओढ एका भोकावर येऊन पत्रा फाटू नये. नट आपणहून न फिरणारे. अशी प्लेट सुटते कशी?

लोक गाडीकडे धावले. दिगंबरराव सगळ्यांच्या मागून निघाले. ते पोचले तेव्हा वैदेही आतच होती, दोन्ही हात चाकावर, हेल्मेट डोक्यावर तसंच. क्लबचे सेनदा खिडकीशी वाकून तिला पाय हलवून दाखवायला सांगत होते. सेनदा म्हणजे गाड्या तपासणारा माणूस. त्यांनी हो म्हटल्याशिवाय इथे एकही गाडी सुटत नाही.

"मला काही झाला नाही, बाबा," वैदेही म्हणाली. इथे वाढलेली पोर. घाबरली की तिचं मराठी आणखी विस्कटायचं.

शारदाबाईंनी खिडकीतून हात घालून तिच्या गुडघ्याला हात लावला, मग मांडीला, मग कमरेला, जणू भाजी निवडताहेत.

"आई, गुदगुल्या होतायत."

"होऊ देत," शारदाबाई म्हणाल्या.

सेनदा उघड्या दाराकडून आत बघत होते. प्लेटीच्या जागेपासून वैदेहीच्या कमरेपर्यंत त्यांनी हवेत वीत टाकल्यासारखं केलं. दीड वीतही भरली नाही.

"उजवीकडे वळत होती म्हणून डावीकडे गेली," ते हिंदीत म्हणाले, अगदी हळू. "शंकू सकाळी मी मांडले. पट्ट्यानंतर उजवं वळण द्यावं की डावं, दोन्ही जमत होतं. चहाचा कप उजव्या हातात होता, म्हणून डाव्या हाताने शंकू ठेवत गेलो, तर उजवं झालं."

दिगंबररावांना एकदम वाटलं की खाली बसावं, आणि ते खरंच सिमेंटवर बसले. भर सकाळी, चांगल्या विजारीनिशी. डावं वळण असतं तर. त्या पुढचं त्यांच्या मनात येत नव्हतं. तिथे मन नुसतं पांढरं होत होतं.

सेनदा पाठीवर निजून गाडीखाली गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर कोडं होतं.

"दिगंबरबाबू, खालचं काम पक्कं आहे. पट्ट्या जागेवर, पत्रा फाटलेला नाही, नट फिरलेले नाहीत. तुटलेल्या बोल्टांची शेपटं अजून नटात अडकलेली आहेत. मी स्वतः सकाळी प्लेट ओढून बघितली होती. मग बोल्ट तुटले कशाने?"

दोघा मुलांनी ढिगातून प्लेट ओढून आणली होती. सेनदांनी ती पायाने उलटी केली. खालच्या अंगाला काहीतरी चिकटलेलं होतं. त्यांनी वाकून दोन बोटांनी त्याचा कोपरा उचलला. लाल काठाचं पांढरं कापड, चौपदरी घातलेलं, तेलकट, चेचलेलं. बोल्ट गेले होते तिथे चार भोकं. घडी उलगडली तसं आतून पांढरं पीठ सांडलं. ते पीठ नव्हतं. अक्षता होत्या, चिरडून पीठ झालेल्या. आणि तुळशीच्या पानाचा हिरवा डाग.

"दिगंबरबाबू, एटा की?"

हे काय, ते दिगंबररावांना चांगलं ठाऊक होतं.

मार्गशीर्ष चालू होता. सॉल्ट लेकच्या मराठी मंडळाच्या सभागृहात दत्तजयंतीचा कीर्तन सप्ताह सुरू व्हायचा होता आणि कीर्तनकार साखळकरबुवा साठ्यांकडेच उतरले होते. बुवा घरात आहेत म्हणजे शारदाबाईंना दिवाळी. सकाळी बुवांचा रियाज ऐकत त्या पोळ्या लाटत, आणि पोळ्यासुद्धा त्या आठवड्यात जास्त गोल होत. शुक्रवारी त्यांनी बुवांकडून त्यांचं एक वापरलेलं उपरणं मागून घेतलं. संध्याकाळी दिगंबरराव खाली गाडीत प्लेट बसवत होते, तिथे त्या तबक घेऊन आल्या.

"अहो, जरा उचला की ते."

"कशाला?"

"खाली ठेवायचंय. बुवांच्या अंगावरचं आहे. वेगाच्या गाडीत लेकरू बसणार, देवाचं काहीतरी नको का सोबत? मूर्ती बसवताना नाही का आपण खाली ठेवत?"

कारखान्यात यंत्राच्या पायाखाली कोणी कागदाचा कपटा जरी सोडला असता, तरी दिगंबररावांनी त्याला सगळं उचलून पुन्हा बसवायला लावलं असतं. हे त्यांना त्या क्षणी आठवलं नाही असंही नाही. आठवलं. पण त्यांनाही बरं वाटलं होतं. पातळ तर आहे, असं ते म्हणाले. कडा बाहेर दिसू नयेत म्हणून उपरण्याची चौपदरी घडी त्यांनीच घातली. शारदाबाईंनी अक्षता आणि तुळस ठेवली, त्यांनी प्लेट खाली टेकवली, बोल्ट पार केले, पाना कट्ट वाजेपर्यंत आवळला, आणि दोघांनी गाडीला नमस्कार केला.

आता सिमेंटवर बसल्या बसल्या त्यांना पुढचं सगळं दिसलं, कोणी चित्र काढून दाखवावं तसं. पाना वाजला तेव्हा बोल्ट ताणलेले होते खरे. पण कापड दबतं. प्रत्येक धक्क्याला ते केसभर खाली बसलं, आणि तेवढा बोल्टाचा ताण गेला. नट फिरायची गरजच पडली नाही. प्लेट सैल झाली, हलायला लागली, आणि हलणारं लोखंड फेरीमागून फेरी बोल्टांच्या मानेवर घण घालत राहिलं.

सेनदा कापड धरून वाट बघत होते. पुसायचं फडकं राहून गेलं, एवढं म्हटलं असतं तरी त्यांनी मान डोलावली असती.

"ठेवलंय," दिगंबरराव म्हणाले. "प्रसाद म्हणून. मी ठेवलंय."

"मी आणलं," शारदाबाई म्हणाल्या. "हे नको म्हणत होते."

"नव्हतो म्हणत. घडी मी घातली."

वैदेहीने हेल्मेट काढलं होतं. केस घामाने कपाळाला चिकटलेले. ती एकदा आईकडे बघे, एकदा बाबांकडे. तिचा चेहरा रागाचा असता तर बरं झालं असतं. पण तो ओळख न पटल्यासारखा होता, रस्त्यात कोणी अनोळखी माणसाने नावाने हाक मारावी तसा.

"दोघांनी मिळून?" ती म्हणाली.

सेनदांनी कापड प्लेटीवर ठेवलं, हळुवारपणे, आणि ते शारदाबाईंना म्हणाले, "बौदी, आम्हीपण विश्वकर्मा पूजेला गाडीला हार घालतो. पण बाहेरून." मग दिगंबररावांकडे वळून म्हणाले, "आता मला लोखंडाला लोखंड लागलेलं दिसल्याशिवाय ही गाडी रविवारी सुटणार नाही."

परतीची वाट सुरू झाली. बेहाला गेलं, आलिपूर गेलं, मागे टो करून आणलेली लाल गाडी दोरीने बांधलेल्या दारासह डुलत येत होती. बायपासला लागल्यावर वैदेही एवढंच म्हणाली, "मी एक गॅरेजवाल्याला सांगते. बाबा, तुम्ही नका करू."

"नको," दिगंबरराव लगेच म्हणाले. "मी हातसुद्धा लावणार नाही."

यात दोघांचं एकमत होतं, आणि तेच शारदाबाईंना सगळ्यात जास्त लागलं. त्या खिडकीबाहेर बघत बसल्या. या मुलीला सायकल शिकवली ती यांनी. मागून धरायचं सोडलं तरी धरलंय म्हणून सांगितलं, आणि तिने त्यावर विश्वास ठेवून अख्खी बाग पार केली होती.

घरी साखळकरबुवा चहाच्या वाटेवर डोळे लावून बसले होते. गोल, हसरे, पन्नाशीचे, मिरजेकडचे. शारदाबाईंनी कप ठेवला आणि तिथेच उभ्या राहून सगळं सांगितलं, काही न गाळता. बुवांचा कप ओठापर्यंत गेला आणि तिथेच राहिला.

"माझं उपरणं? गाडीच्या लोखंडाखाली?"

"हो."

"आणि मुलगी?"

"सुखरूप आहे."

बुवांनी कप खाली ठेवला. कीर्तनात द्रौपदीवर प्रसंग आला तरी बुवा एखादी कोटी करून श्रोत्यांना श्वास घेऊ देत. आता त्यांचाच श्वास अडकल्यासारखा झाला होता.

"शारदाताई," ते शेवटी म्हणाले, "त्या उपरण्याचं मी काय करतो, कधी बघितलंत?"

"खांद्यावर असतं."

"घाम पुसतो हो. दोन दोन तास उभा राहून गातो, पेटीवाल्याशी झगडतो, घामाच्या धारा लागतात. पुसायचं वस्त्र आहे ते. मी मागितल्याबरोबर काढून दिलं, कारण तुम्ही एवढ्या प्रेमाने मागितलंत, आणि खरं सांगू, मला जरा बरंही वाटलं." त्यांनी कपाळावरून हात फिरवला. "कशाला मागताय, एवढं विचारायला हवं होतं मी."

त्या संध्याकाळी कीर्तन झालं. सभागृह भरलेलं होतं. पूर्वरंगात बुवांचा आवाज नेहमीसारखा लागला नाही, पण उत्तररंगात देवाच्या नामाचा गजर सुरू झाला तसा तो सुटला आणि शारदाबाईंच्या गालांवरून पाणी वाहू लागलं. ते भक्तीचं होतं की सकाळचं, हे त्यांनी स्वतःलाही विचारलं नाही. मागे टाळकऱ्यांत दिगंबरराव झांजा घेऊन उभे होते. इतक्या वर्षांत त्यांची झांज कधी चुकली नव्हती. त्या दिवशी चुकली. एकदा, मग पुन्हा. बुवांनी मागे वळून न बघता लय थोडी उतरवली आणि त्यांना सांभाळून घेतलं.

प्लेट आणि ते उपरणं दोन्ही खाली गाडीत पडून होती. शारदाबाईंनी सोमवारी जाऊन उपरणं उचलून आणलं, धुतलं, वाळत घातलं. घडी मोडल्यावर बोल्टांची चार भोकं सोळा झाली होती, आणि धुतल्यावर ती आणखी स्वच्छ दिसू लागली.

आठवडा असाच गेला. दिगंबरराव जेवायला बसत आणि पानावरून तसेच उठत. वैदेही कंपनीतून उशिरा येई. शनिवारी सकाळी मात्र ती एक जड पिशवी घेऊन बाबांच्या खुर्चीपुढे उभी राहिली. पिशवीत नवे बोल्ट, नवे नट, आणि एकाऐवजी दोन लहान प्लेटी होत्या.

"गॅरेजवाल्याकडे गेले होते," ती म्हणाली. "त्याला विचारलं, पत्र्याखाली काय टाकणार? म्हणतो, वॉशर टाकतो, पुष्कळ झालं."

दिगंबररावांनी पेपर खाली केला. "वॉशर? पत्रा फाडून बाहेर येतील."

"तेच म्हटलं त्याला. तर हसला. सेनदाला फोन केला. तो म्हणाला, तुझ्या बाबांच्या पट्ट्या नसत्या तर खालच्या पत्र्यासकट प्लेट आली असती." ती थांबली. "चला खाली."

"मी हात लावणार नाही म्हटलंय ना."

"का पण?"

"माझं मला कळत होतं, वैदू. अडाण्यासारखं नाही केलं. कळत असून केलं. उद्या पुन्हा कशाला भुलेन, याची खात्री मला नाही."

"मग आवळू नका. मी खालून आवळते. तुम्ही वरून बोल्ट धरा. दोन माणसं लागतातच." तिने पाना त्यांच्या मांडीवर ठेवला. "आणि मध्ये काही घालायचं झालं, तर मला विचारा."

टोमणा होता. दिगंबररावांना तो आठवडाभरात मिळालेला पहिला घास वाटला.

खाली गॅरेजमध्ये ऊन तिरपं आलं होतं. दार नव्या कडीने बसवून आणलेलं होतं. दिगंबररावांनी गाडीच्या तळावरचा रंग खरवडून काढला, जुनी भोकं तपासली, लांबट झालेल्या दोन भोकांशेजारी नवी पाडली. रंगाखालचा पत्रा उघडा पडला. त्यावर खरवडीचा भुगा, गंजाची पूड, आणि सांध्यात अजूनही अक्षतांचं पांढरं पीठ. वैदेही पाठीखाली पुठ्ठा घालून गाडीखाली सरकली.

तेवढ्यात शारदाबाई आल्या. हातात लाल काठाचं उपरणं.

दिगंबररावांचा हात तिथेच थांबला. गाडीखालून वैदेहीला फक्त आईची पावलं आणि लोंबणारा लाल काठ दिसत होता.

"आई, नको," ती म्हणाली.

"ठेवायला नाही आणलं."

साडी सावरून शारदाबाई दाराशी गुडघ्यांवर बसल्या. त्यांनी वाकून आत डोकं घातलं आणि उपरण्याचा बोळा करून पत्रा पुसायला लागल्या. आधी भुगा, मग गंज, मग सांध्यांतलं पीठ नखाने उकरून. देव्हाऱ्याचा तळ पुसताना त्यांचा हात जसा फिरे तसाच फिरत होता, कोपऱ्याकडून मध्याकडे. पांढरं कापड काळं होत गेलं. त्यांनी घडी पालटली, पुन्हा पुसलं, मग दोन्ही प्लेटींच्या पोटाकडून फिरवलं. पत्रा लखलखायला लागला, इतका की त्यात त्यांच्या बांगड्यांची हालचाल दिसे.

दिगंबरराव बघत होते. बोल्ट त्यांच्या मुठीत गरम झाले होते.

"आई, झालं का?" खालून आवाज आला. "बाबा, पहिला सोडा ना. माझा हात दुखायला लागला."

दिगंबररावांनी प्लेट उचलली.

"थांबा," शारदाबाई म्हणाल्या. "एक कोपरा राहिलाय."